तिसऱ्या पंचाचं कार्ड

रेफरीनं हुसेन तडवीचा हात वर केला आणि मी खुर्चीतून अर्धवट उठून शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "अहो, हा तर उघडउघड अन्याय आहे!"

गृहस्थ शेंगा सोलत होते. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाला टाचलेल्या पिवळ्या बिल्ल्याकडे. बिल्ल्यावर 'पंच' असं लिहिलेलं होतं. त्यांनी शेंगांची पुडी उचलली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले.

ही भुसावळची गोष्ट, त्र्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. जिल्हा मुष्टियुद्ध स्पर्धेचा शेवटचा सामना होता. निळ्या कोपऱ्यात आमच्या भुसावळचा भागवत सपकाळे, रेल्वेच्या लोको शेडमधला खलाशी, म्हणजे फिटरांच्या हाताखालचा मदतनीस, वय तेवीस. रिंगमध्ये उतरला की नाचल्यासारखा फिरायचा आणि मार बसला तरी हसायचा, म्हणून बायाबापड्यासुद्धा त्याचे सामने बघायला यायच्या. लाल कोपऱ्यात यावलचा हुसेन तडवी. त्याचं नाव त्या दिवसापर्यंत कुणी ऐकलं नव्हतं. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. भागवतच जाणार याची गावाला इतकी खात्री होती, की संघटनेचे सचिव प्रल्हाद फिरके यांनी त्याचा गळ्यात पदक घातलेला फोटो शनिवारीच काढून ठेवला होता. फिरक्यांचा स्टेशन रोडवर फोटो स्टुडिओ होता. "रविवारी गर्दीत फोटो नीट येत नाही," असं त्यांचं म्हणणं.

आणि मी? मी शाळेत गणित शिकवायचो. मुष्टियुद्धाशी माझा संबंध इतकाच, की दहावी 'ब'च्या मागच्या बाकांवर ते अधूनमधून चालायचं आणि सोडवायला मला मध्ये पडावं लागायचं. पण नेहमीच्या तिसऱ्या पंचाला ऐन वेळी गालगुंड झालं आणि शनिवारी संध्याकाळी फिरके माझ्या दारात उभे राहिले.

"भंगाळे सर, वीसपर्यंत आकडे येतात ना तुम्हाला?"

"अहो, मी गणिताचा—"

"मग झालं तर. दर फेरीत जो चांगला खेळेल त्याला वीस, दुसऱ्याला त्याहून कमी. तीन फेऱ्या. लाल कोपऱ्यातल्याचे गुण लाल रकान्यात, निळ्याचे निळ्या रकान्यात. शेवटी बेरीज. तुमच्यासारख्या माणसाला त्यात काय?"

तर निकाल ऐकून लोक खवळले. रिंगमध्ये आधी शेंगांची टरफलं आली, मग एक चप्पल आली. ज्याची चप्पल होती तो नंतर बराच वेळ रिंगखाली वाकून ती शोधत होता. मीही हात उंचावून निषेध करत होतो. तेवढ्यात तिन्ही पंचांची कार्डं घेऊन फिरके माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, हे काय केलं तुम्ही?"

"मी? मी तर म्हणतोय, हा अन्याय आहे!"

"यावलच्या हवालदारांनी हुसेनला दिलं. ते समजू शकतो, त्यांच्या गावचा आहे. शेडच्या फोरमननं भागवतला दिलं. तेही समजू शकतो. झाले एक-एक. आणि हे तुमचं कार्ड. साठ-सत्तावन्न. हुसेन तडवी!"

मी कार्ड पाहिलं. अक्षर माझंच होतं, आकडे टपोरे, बेरीज बिनचूक. कार्ड सायक्लोस्टाइल केलेलं, त्यामुळे त्यावर रंग नव्हते. डावीकडच्या रकान्यावर पुसटसं 'लाल' आणि उजवीकडच्या रकान्यावर 'निळा' असं लिहिलेलं. मी मान वर केली. माझ्या खुर्चीतून पाहिलं तर निळा कोपरा माझ्या डाव्या हाताला होता आणि लाल उजव्या. डावीकडच्या माणसाचे गुण मी तिन्ही फेऱ्या डावीकडे लिहिले होते. मी भागवतला जिंकवलं होतं, पण हुसेनच्या रकान्यात.

दहा वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो, आधी अक्ष कुठला ते बघा, मग आकडे मांडा.

त्या क्षणी 'चुकलं' एवढा तीन अक्षरांचा शब्द तोंडातून काढायचा होता. पण समोर पाचशे माणसं ओरडत होती आणि एका माणसाच्या पायात अजून एक चप्पल शिल्लक होती.

"मला जे दिसलं ते मी लिहिलं," मी म्हणालो.

फिरके कार्डं गोळा करून गेले. फाटकाशी माझ्याच वर्गातली चार पोरं उभी होती. त्यातला एक मोठ्या अदबीनं म्हणाला, "सर, हातचा राहिला का?"

घरी बायकोनं, सिंधूनं, विचारलं, "कसा झाला सामना?"

"चांगला झाला."

"मग जेवत का नाही?"

सोमवारी सकाळी सात वाजता मी मोरीत अंघोळीला बसलो होतो, तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ सिंधूचा आवाज आला, "या, या! अहो, ते सपकाळे भाऊ आलेत. कालचे पैलवान!"

मी अंगावर भराभर पाणी ओतायला लागलो.

"अंघोळ चाललीय त्यांची," सिंधू सांगत होती. "बसा ना. पोहे टाकते."

"बसतो की, वहिनी. मला काही घाई नाही."

मला मात्र मोठीच घाई झाली होती. पण मोरीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकी वीतभर होती. मी ठरवलं, कंटाळून जाईपर्यंत अंघोळ करायची. पाणी ओतत राहिलो. थंडीनं दात वाजायला लागले. बादली संपली. मग मी रिकाम्या बादलीवरच तांब्या आपटत बसलो.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली, आडाच्या रहाटाचा आवाज आला आणि दारापाशी काहीतरी जड ठेवल्यासारखं झालं.

"सर, दोन बादल्या भरून ठेवल्यात," भागवत बाहेरून म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

मी तांब्या खाली ठेवला, कपडे घातले. मी बाहेर आलो.

तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. डावा डोळा सुजून बारीक झाला होता, पोह्यांची बशी संपली होती आणि सिंधू दुसरी वाढत होती. मी त्याच्यापासून चटईभर अंतर ठेवून बसलो.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही काल मला हरवलं."

"भागवत, त्याचं असं आहे—"

"एकच विचारायला आलो. तुम्हाला दिसलं कसं?"

"काय?"

त्यानं सिंधू आत गेलेली पाहून सदरा वर केला. उजव्या फासळीखाली पुरीएवढा काळानिळा डाग होता.

"दुसऱ्या फेरीत त्यानं ही मारली. हात आखूड, मागं न नेता. वाजलीसुद्धा नाही. माझा श्वास बंद झाला, सर. पाय कापसाचे झाले. मग मी नाचायला लागलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं ठरलेलंच आहे ते, जास्त लागलं की जास्त हसायचं, समोरच्याला कळू द्यायचं नाही. तिसऱ्या फेरीत तसल्याच अजून दोन बसल्या. मी त्याच्या तोंडावर पाच-सहा मारल्या, पण त्यात दमच नव्हता, नुसता आवाज." त्यानं सदरा खाली केला. "मी हरलो होतो, सर. रिंगमध्ये माहीत होतं मला. हवालदार तर त्याच्या गावचे, फोरमनसाहेब माझ्या शेडचे. तुम्ही एकटेच कुणाचे नव्हते. आणि तुम्हाला दिसलं! आजपर्यंत कुणाला माझं हे सोंग ओळखता आलं नाही. कशावरून ओळखलं?"

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं माझ्या वर्गातल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं कधी बघितलं नव्हतं.

"पायांवरून," मी म्हणालो.

"पायांवरून!"

"हो. चेहरा खोटं बोलतो. पाय... पाय बोलत नाहीत."

असलं वाक्य मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. भागवत बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. मग उठला, माझ्या पाया पडला, सिंधूला "येतो, वहिनी" म्हणाला आणि कामावर गेला. सिंधू म्हणाली, "किती हो गुणाचा माणूस! आणि तुम्ही तासभर मोरीत काय करत होतात?"

मधल्या सुट्टीत फिरके शाळेत आले ते तणतणतच.

"सर, कसलं भूत घातलंय तुम्ही त्या भागवतच्या डोक्यात? मी सकाळी तक्रार अर्ज घेऊन गेलो. उद्या दुपारी बारापर्यंत दिला तर समिती फेरविचार करते. तर पठ्ठ्या सही करायला तयार नाही! म्हणतो, सरांचा निकाल बरोबर आहे, सरांनी पायांवरून ओळखलं. अख्ख्या शेडमध्ये सांगत सुटलाय. दोन फिटर माझ्या पायांकडे बघत होते भो!"

शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. डावीकडचं, उजवीकडचं, मोरीतलं, पायांचं, सगळं सांगून टाकलं. फिरक्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू उमटलं, जणू निगेटिव्हमधून फोटो वर येतोय.

"म्हणजे तुम्ही भागवतलाच जिंकवलं होतं!"

"हो."

"म्हणजे दोन कार्डं भागवतची! म्हणजे तो जिंकला! सर, कागद घ्या. लिहा. 'मी खाली सही करणार, माझ्या हातून रकान्यांची अदलाबदल झाली...'"

मी लिहिलं. लिहिताना मानेवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. नोकरीत पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही दोघं फिरक्यांच्या स्कूटरवरून लोको शेडला गेलो.

भागवत इंजिनाखालून बाहेर आला. कपाळापर्यंत काळा झालेला, फक्त दात पांढरे. फिरक्यांनी त्याला माझा कागद वाचून दाखवला. मी स्कूटरच्या मागं उभा होतो. सहजच, पण स्कूटर मध्ये राहील अशा बेतानं.

भागवतनं स्कूटरवरून वाकून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला काही दिसलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि ते पाय?"

"थाप होती रे. भीतीपोटी मारली."

भागवत हसायला लागला. साधं हसणं नव्हे. तो इंजिनाच्या चाकाला टेकला, मग फासळी धरून खाली बसला आणि 'आई गं, आई गं' करत हसत राहिला. फिरकेही हसले. शेवटी मीही हसलो.

"चला," फिरके पेन पुढं करत म्हणाले. "कर सही."

"कशावर?"

"अर्जावर! अरे, तू जिंकलास!"

"नाही जिंकलो, साहेब. मी हरलोच होतो." त्यानं डोळे पुसले, त्यामुळे दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले. "चुकून का होईना, एका माणसानं तरी बरोबर निकाल दिला."

"अरे, पण दोन पंच म्हणतात तू जिंकलास! कागदावर तू जिंकलास!"

"कागदाला फासळी नसते."

"भागवत, ऐक माझं." फिरक्यांनी आवाज खाली आणला. "चॅम्पियन कशानं होतो माणूस? पदकानं. वीस वर्षांनी कुणी विचारणार नाही तुझी फासळी दुखत होती का म्हणून. रेकॉर्ड बघतील. जिंकले किती, हरले किती. झालं!"

"आणि तो हुसेन मला उद्या बाजारात भेटला, तर मी कुठं बघू?"

"पदकाकडं बघ!"

भागवतनं मान हलवली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो आत गेला, हातपाय धुऊन आला आणि त्याच्या खांद्याला तालमीची पिशवी होती. "मी साहेबाला विचारून आलो," तो म्हणाला. "यावलला जातो. हुसेनलाच विचारू कोण जिंकलं ते. काल रिंगमध्ये आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, 'मीच जिंकलो', तर विषय संपला. तुम्ही येता?"

फिरके आले, कारण अर्ज त्यांच्या खिशात होता. मी आलो, कारण घरी जाऊन सिंधूला काय सांगायचं हे सुचत नव्हतं.

यावलला एस. टी. पोचेपर्यंत तीन वाजले. हुसेन एका केळीच्या वखारीत ट्रक भरायचं काम करत होता. आम्ही गेलो तेव्हा तो दोन्ही हातांनी केळीचा घड छातीशी धरून वर ट्रकमध्ये देत होता. मागं झोका न घेता, नुसत्या कमरेच्या हिसक्यानं. एक घड, दुसरा घड, तिसरा. भागवत ते बघत जागीच थांबला आणि नकळत त्याचा हात आपल्या फासळीवर गेला.

हुसेननं आम्हाला पाहिलं. हातातला घड हळूच खाली ठेवला. बुटका, रुंद, लाजरा पोरगा. रिंगमध्ये दिसला होता त्याहून लहान. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि फिरक्यांसमोर धरली. आत पदक होतं.

"मी येणारच होतो भुसावळला," तो खाली बघत म्हणाला. "सकाळीच निघालो होतो, पण ट्रक आला. घ्या साहेब. काल चूक झाली."

"कसली चूक?" भागवतनं विचारलं.

"तू जिंकला होता ना. माझ्या तोंडावर नुसत्या बसत होत्या. मी मोजल्या, अकरा. माझ्या तुला चार लागल्या असतील. आणि तू तर हसत होता! मी म्हटलं, याला काहीच होत नाही. रात्रभर मला झोप नाही. लोक म्हणतात, फुकटचं पदक घेतलं."

फिरक्यांनी लगेच हात पुढं केला. भागवतनं तो मधल्यामध्ये धरला.

"मी हरलो होतो, हुसेन."

"नाही रे. मी हरलो."

"अरे, फासळी बघ माझी!"

"माझं नाक बघ!"

दोघं एकमेकांना आपापल्या जखमा दाखवायला लागले. ट्रकवरचे हमाल कामं टाकून जमले. फिरक्यांनी कपाळाला हात लावला. "पंधरा वर्षं स्पर्धा भरवतोय," ते मला म्हणाले, "दोन्ही पैलवान मीच जिंकलो म्हणून भांडताना बघितलेत. हे असलं नाही बघितलं. निकाल चुकला तो पंचाचा, आणि पंच तर तुमच्यासारखा! आता ठरवायचं कुणी?"

"परत खेळू," भागवत म्हणाला. "आत्ताच. दोन फेऱ्या." त्यानं पिशवी उघडली. त्यात हातमोज्यांचे दोन जोड होते. खरं तर हुसेनकडून तो आखूड ठोसा समजून घ्यावा म्हणून त्यानं ते घेतले होते, पण आता दुसऱ्या कामाला आले. "निकाल सर देतील. ते म्हणाले मी जिंकलो, तर मी अर्जावर सही करतो. ते म्हणाले हुसेन, तर अर्ज फाडायचा. फिरकेसाहेब, कबूल?"

फिरक्यांचे डोळे चमकले. "कबूल!" मग त्यांनी मला दोन पावलं बाजूला ओढलं. "सर, देवानंच संधी दिलीय. काल जे डावीकडं लिहिलं ते आज उजवीकडं लिहा. तुमचं पाप फिटेल, पोराचं कल्याण होईल. आणि हुसेन तरी कुठं नाही म्हणतोय? पदक हातात घेऊन उभाय बिचारा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी नुसतं 'भागवत' म्हटलं असतं, तर माझ्यासकट सगळ्यांचं समाधान झालं असतं.

वखारीमागच्या मोकळ्या जागेत हमालांनी केळीची वाळकी पानं बाजूला सारून चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांत चौघं उभे राहिले. मला केळीच्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसवलं. मी मालाच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं भागवत, दुसऱ्यावर हुसेन. रंगांच्या भानगडीत पडलो नाही. फिरक्यांनी घड्याळ धरलं आणि तोंडानंच घंटा वाजवली.

पहिल्या फेरीत भागवत सुंदर खेळला. हुसेनच्या सुजलेल्या नाकावर त्यानं एकही ठोसा मारला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कपाळावर, गालांवर मारत होता, येत होता, निसटत होता. मी वीस लिहिले त्याच्या नावाखाली, हुसेनला एकोणीस. फिरक्यांनी वाकून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या फेरीत कुठं बघावं मला कळेना. चेहऱ्यावर भरवसा नव्हता, हात फार वेगानं जात होते. म्हणून मी खाली बघत राहिलो. दोघंही अनवाणी होते. भागवतचे पाय चवड्यांवर नाचत होते, टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. मग हुसेन आत शिरला. आवाज काही झाला नाही. वर भागवतच्या तोंडावर मोठं हसू पसरलं, हमालांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली, माझ्या डोळ्यांसमोर, भागवतची उजवी टाच हळूच मातीला टेकली. पुढची सगळी फेरी तो नाचला, पण ती टाच पुन्हा उचलली नाही. त्यानंतर अजून दोनदा हुसेन आत शिरला. शेवटी भागवत त्याच्या गळ्यात हात टाकून जवळजवळ टांगलेलाच होता, आणि बघणाऱ्याला वाटावं, प्रेमानं मिठी मारलीय.

मी थाप मारली होती आणि ती खरी निघाली होती.

फिरक्यांनी तोंडानं घंटा वाजवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जरा जडच ठेवला. मी आकडे लिहिले, बेरीज केली, पुन्हा एकदा तपासली. एका गुणाचा फरक होता. चौकोनात दोघं धापा टाकत उभे होते. आदल्या दिवशी पाचशे माणसांसमोर जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या आठ हमालांसमोर वाटली.

"हुसेन," मी म्हणालो.

फिरक्यांचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला.

"नाही सर," हुसेन म्हणाला, "मला नाही वाटत—"

"गप रे," भागवत म्हणाला. "सरांनी बघितलंय." तो माझ्यापाशी आला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. "दुसऱ्या फेरीत?"

"मिनिटभरानं. उजवी टाच."

त्यानं मान डोलावली. नंतर फिरक्यांकडे वळून हात पसरला. फिरक्यांनी अर्ज काढला, माझा कबुलीचा कागद काढला आणि दोन्ही त्याच्या हातमोज्यावर ठेवले. हातमोजे घालून कागद फाडता येत नाही. भागवतनं दोन-तीनदा प्रयत्न केला, शेवटी दोन्ही दातांनी फाडले.

हुसेनच्या मालकानं आम्हाला केळी दिली आणि भरलेल्या ट्रकमधूनच भुसावळला पाठवायची सोय केली. हुसेननं पदक पुन्हा रुमालात बांधलं. या वेळी गाठ जरा नीट मारली. ऊन उतरलं होतं. मी आणि फिरके मागं घडांच्या राशीला टेकून बसलो, भागवत पुढं ड्रायव्हरजवळ.

यावल मागं पडल्यावर फिरक्यांनी एक केळ सोललं.

"सर, तुम्ही तरी शहाणपणा दाखवायचा होता. हातची राज्य स्पर्धा घालवली पोरानं. हातपाय आहेत, चपळाई आहे, सगळं आहे. पण असल्या स्वभावाचा माणूस चॅम्पियन होत नसतो. लिहून देतो मी."

"होईल," मी म्हणालो.

"कशावरून?"

पुढं भागवत सपकाळे तीनदा राज्याचा विजेता झाला. देशपातळीवरचं रौप्यपदक आणलं. त्याचे बावन्न सामने मी स्वतः खुर्चीत बसून पाहिले, त्यातले काही पंच म्हणून. आता माझ्याकडे वर्तमानपत्राची पोरं येतात, विचारतात, सर, त्याचा सगळ्यात मोठा विजय कुठला? मी त्यांना राज्य स्पर्धेतला एखादा सांगतो, त्यांनाही लिहायला सोपं जातं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. पुढ्यात एक हरलेला मुलगा होता.

"बोला ना," फिरके म्हणाले. "कशावरून म्हणता?"

मी बोटानं पुढं दाखवलं. ड्रायव्हरच्या खोलीची मागची जाळी उघडी होती. भागवत एका हातानं फासळी धरून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ड्रायव्हरला विचारत होता, "दादा, सकाळी यावलला जाणारी पहिली गाडी किती वाजता असते?"

"साडेपाचला," ड्रायव्हर म्हणाला. "कशाला? काही राहिलं का तिकडं?"

"हो," भागवत म्हणाला. "एक ठोसा शिकायचा राहिलाय."